दगड आणि सांधा

(मंदिरे व मूर्तिशिल्पे या विषयावर औसा येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



औसा तालुक्यात उभे राहून दगडाच्या सौंदर्याविषयी बोलणे सोपे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती निजली असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी येथील जमीन हादरली. किल्लारी याच तालुक्यातले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेकांवर कोसळला तो त्यांच्या स्वतःच्या घराचा दगड. ज्या जाड भिंतींनी पिढ्यान्पिढ्या ऊनपावसापासून राखले, त्याच भिंतींखाली घरेच्या घरे गाडली गेली. दगडी घराची धास्ती त्यानंतर कित्येक वर्षे या भागाच्या मनातून गेली नाही.

म्हणून दगडाची बाजू मांडण्यापूर्वी त्या पहाटेचा हिशेब समजून घेतला पाहिजे. पडलेल्या भिंतींची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला ओबडधोबड दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि चिपांची भर; पण या दोन थरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. त्यावर वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेले माळवद. हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. दगड दोषी नव्हता. सांधा दोषी होता.

हे ध्यानात ठेवून याच परिसरातील दोन ठिकाणी जायचे आहे. एक खरोसा, दुसरे निलंगा. औशाहून निघाले की एकाच दिवसात दोन्ही पाहून घरी परतता येते.

खरोसा : हादरणारा पर्वत

औशाचा भुईकोट किल्ला महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु त्या किल्ल्याहून कितीतरी शतके जुना वारसा याच तालुक्यात निलंग्याच्या वाटेवर, खरोसा येथील टेकडीत आहे. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास येथे लेणी खोदली गेली. जेम्स बर्जेस यांनी निजामाच्या राज्यातील बीदर व औरंगाबाद या भागांतील प्राचीन वास्तूंची पाहणी केली आणि १८७८ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा या लेण्यांची अभ्यासकांच्या जगात नोंद झाली. भाविकांच्या जगात ही टेकडी रेणुकामातेच्या मंदिरामुळे ओळखीची होतीच.

खरोशाचा दगड जांभा आहे. जमिनीतून ताजा काढला की तो मऊ असतो आणि हवा लागत जाते तसा कठीण होतो. परंतु त्याच्या अंगावर छिद्रे असतात, त्यामुळे मूर्तीचा डोळा, बोटांची पेरे, दागिन्यांची नक्षी त्यात नीट उतरत नाही. कंबोडियातील अंकोरच्या जगद्विख्यात मंदिरांत जांभा पायथ्याला आणि गाभ्याला वापरला आहे. शिल्पे कोरली आहेत ती वालुकाश्मावर. खरोशाच्या शिल्पींना ती मुभा नव्हती. टेकडी जांभ्याची होती आणि देव त्यातूनच प्रकट करायचा होता. अशा खडबडीत पाषाणावर बारीक काम गिलाव्याने पुरे करण्याची रीत होती. काळाच्या ओघात गिलावा जातो आणि खालची आकृती तेवढी उरते. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय आजही येथे ओळखता येतात. मात्र चेहरे झिजले आहेत. पाहणाऱ्याला अंगविन्यासावरून, हातांच्या ठेवणीवरून देव ओळखावा लागतो.

येथील एका शिल्पापाशी औसेकरांनी अंमळ अधिक थांबावे. ते आहे रावणानुग्रहाचे. कुबेराला जिंकून परतणाऱ्या रावणाचे पुष्पक विमान कैलासापाशी अडले. संतापलेल्या रावणाने आपल्या वीस बाहूंनी पर्वतच उचलून हलवायला सुरुवात केली. पर्वत थरथरला, गण भयभीत झाले, पार्वतीने घाबरून शिवाचा आधार घेतला. शिवाने पायाच्या अंगठ्याने पर्वत किंचित दाबला. हादरा थांबला आणि रावण पर्वताखाली अडकला. पुढे त्याने स्तुती केली तेव्हा त्याच शिवाने त्याच्यावर कृपा केली. शिल्पाचे नाव 'रावणदमन' नसून 'रावणानुग्रह' आहे, याचे कारण कथेच्या या शेवटात आहे.

वेरुळलाही हा प्रसंग कोरलेला आहे आणि तो पाहायला देशविदेशातून माणसे येतात. परंतु ज्या तालुक्याने जमीन हादरताना अनुभवली, त्या तालुक्यात हे शिल्प निराळे बोलते. पर्वत हलतो आहे, वर बसलेली माणसे भ्याली आहेत आणि मध्यभागी एक जण स्थिर आहे. सारे हलत असताना कोणीतरी स्थिर राहिले पाहिजे, हे त्या अनाम शिल्पीने सुमारे चौदा शतकांपूर्वी, किल्लारीपासून काही कोसांवर, झिजणाऱ्या जांभ्यात सांगून ठेवले आहे.

निलंगा : तीन गाभारे, एक मंडप

खरोशाहून पुढे निलंग्याला गेले की दगडाची भाषा बदलते. लेणे खोदून काढलेले असते. मंदिर रचलेले असते. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर बाराव्या शतकाच्या सुमाराचे, कल्याणीच्या चालुक्यांच्या परंपरेतले. लोक त्याला सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात. वस्तुतः हेमाद्रिपंडित हे देवगिरीच्या यादवांचे मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्यांच्या नावावर जमा होणारी मराठवाड्यातील कितीतरी मंदिरे त्यांच्या जन्माआधीच उभी होती. हेमाद्रींचा मान यत्किंचितही कमी न करता हे सांगता येते आणि सांगितले पाहिजे, कारण त्या एका शब्दाखाली चालुक्य शिल्पींचे सारे कर्तृत्व झाकले जाते.

या भूमीचा इतिहास आठवावा. राष्ट्रकूट सम्राट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. त्यांच्यानंतर आलेल्या चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ असा अर्धशतकभर तेथून राज्य करीत होता. त्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' लिहिली, जी पुढे शतकानुशतके हिंदू वारसाहक्काच्या विचाराचा आधार झाली. त्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा ज्ञानकोश आहे. त्याच शतकात, त्याच कल्याणीत महात्मा बसवेश्वरांनी श्रमाची आणि समतेची शिकवण दिली. आज राज्यसीमेने विभागलेला हा प्रदेश तेव्हा एकच सांस्कृतिक अंगण होते.

नीलकंठेश्वर मंदिराला तीन गाभारे आहेत. अशा रचनेला त्रिकूट म्हणतात. एका गाभाऱ्यात शिवलिंग, दुसऱ्यात विष्णू, तिसऱ्यात हरगौरी. आणि तिन्ही गाभाऱ्यांना मिळून मंडप एकच. शैव आणि वैष्णव यांच्यात वादविवाद झाले नाहीत असे इतिहास म्हणत नाही, ते झाले. परंतु वास्तू रचणाऱ्यांनी त्या वादावर काढलेला तोडगा येथे डोळ्यांनी पाहता येतो. प्रत्येकाचा देव त्याच्या गाभाऱ्यात, बसण्याची जागा मात्र सामाईक. एकाच्या घंटेचा नाद दुसऱ्याच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचणारच.

आता बांधणीकडे पाहावे. या परंपरेतील मंदिरांत दगडाला दगड जोडताना चुन्याचा वा मातीचा आधार घेतलेला नसतो. प्रत्येक दगड घडवून, त्याच्या कडा जुळवून, जेथे आवश्यक तेथे एकाला खाच आणि दुसऱ्याला कुसू ठेवून तो बसवला जातो. वरच्या दगडाचे वजन खालच्याला जागेवर धरून ठेवते. घडवलेला प्रत्येक दगड आपल्या शेजाऱ्याचा विचार करून घडवलेला असतो. येथे सांधा हेच बळ आहे.

भिंत कशी वाचावी?

आपण मंदिरात जातो ते कसे? चपला काढतो, घंटा वाजवतो, दर्शन घेतो, तीर्थप्रसाद घेऊन बाहेर पडतो. प्रदक्षिणा घालताना डोळे मिटलेले किंवा पायांखालच्या तापलेल्या फरशीकडे लागलेले. प्रदक्षिणेच्या वाटेवर शिल्पींनी जे मांडून ठेवले, ते न पाहताच आपण परततो. वास्तविक मंदिराची बाह्यभिंत हा उघडा ग्रंथ असतो.

तो खालून वर वाचावा. पायथ्याला आडव्या थरांचे पीठ. काही मंदिरांत त्यावर हत्तींचा गजथर, माणसांचा नरथर. त्यावर जंघा, म्हणजे मधला उभा भाग, जेथे मोठ्या मूर्ती असतात. मुख्य दिशांच्या कोनाड्यांना देवकोष्ठे म्हणतात; आत कोणता देव आहे याची खूण तेथे मिळते. गाभाऱ्याच्या चौकटीवर मधोमध असलेली छोटी मूर्ती म्हणजे ललाटबिंब. आणि उंबरठ्यावर असते ते कीर्तिमुख. शिवाच्या कोपातून निर्माण झालेल्या त्या भुकेल्या गणाला खायला दुसरे काही उरले नाही, तेव्हा त्याने स्वतःचेच शरीर खाल्ले. उरले ते केवळ मुख. आज्ञेपुढे स्वतःला शिल्लक न ठेवणाऱ्या या सेवकाला शिवाने आपल्या दारातील मानाची जागा दिली. उंबरठा ओलांडताना भक्ताने काय मागे ठेवायचे, हे त्याच्याकडे पाहून कळावे.

निलंग्याच्या बाह्यभिंतीवर सुरसुंदरी आहेत. त्यांच्याविषयी समाजात एक संकोच आढळतो. कुटुंबासह आलेली मंडळी त्यांच्यासमोरून घाईने पुढे सरकतात. हा संकोच अज्ञानातून आलेला आहे. शिल्पग्रंथांत या स्त्रियांची नावे आहेत. न्हाऊन केस पिळणारी आणि जिच्या केसांतून ओघळणारे थेंब मोती समजून हंस टिपतो, ती कर्पूरमंजरी. कडेवर मूल घेतलेली पुत्रवल्लभा. हाती शस्त्र असलेली शत्रुमर्दिनी. पत्र लिहिणारी पत्रलेखा. सीमेपलीकडे बीदर जिल्ह्यात जलसंगी येथे अशीच एक स्त्री शिळेवर अक्षरे कोरताना दाखवली आहे आणि त्या अक्षरांत सहाव्या विक्रमादित्याची स्तुती आहे. नऊ शतकांपूर्वीच्या शिल्पीला लेखणी हाती घेतलेली स्त्री मंदिराच्या भिंतीवर शोभून दिसली, ही गोष्ट आपल्या मुलींना आवर्जून दाखवण्यासारखी आहे.

मराठवाड्याच्या मूर्तिवैभवाचा अभ्यास डॉ. गो. बं. देगलूरकर यांनी आयुष्यभर केला. सुरसुंदरी ही केवळ सजावट नाही, तिच्यामागे विचार आहे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. विद्वानांनी काम केले आहे. ते घराघरांत पोहोचवणे उरले आहे.

आजचा हात

भंगलेली मूर्ती पाहिली की आपण म्हणतो, आक्रमकांनी फोडली. अनेक ठिकाणी ते खरे आहे आणि इतिहासाने ते नोंदवले आहे. परंतु गेल्या काही दशकांत मूर्तींची जी हानी झाली, तिचा दोष कोणावर ठेवायचा? शिल्पांवर ऑइलपेंटचे थर चढतात, ते भक्तीने. प्राचीन खांबांना फरशा चिकटवल्या जातात, त्या देणगीतून. कोरीव दगडात खिळा ठोकून विजेची तार आणि कर्णा टांगला जातो, तो उत्सवासाठी. हेतू शुद्ध, पण परिणाम घातक. दगड श्वास घेतो. रंगाने त्याची छिद्रे बुजली की आतला ओलावा अडकतो आणि मूर्तीचा पृष्ठभागच पापुद्र्यांनी सुटू लागतो. सांध्यांत सिमेंट भरले की तेच होते. ज्या मूर्तीने सुलतानांचा काळ सोसला, तिला भक्ताचा डबाभर रंग सोसवत नाही.

दुसरीकडे, भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही म्हणून ती पाराखाली, ओढ्याकाठी, उकिरड्याजवळ पडून राहते. पूजेला न चालणारी मूर्ती जतनालाही अपात्र, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? नांदेड जिल्ह्यात कंधार येथे अवाढव्य क्षेत्रपालमूर्तीचे केवळ अवशेष उरले आहेत. पण त्या अवशेषांवरूनच राष्ट्रकूटांची झेप कळते.

गावकऱ्यांनी करायचे ते फार अवघड नाही. जीर्णोद्धाराचा विचार निघाला की आधी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा, कारागीर त्यानंतर. देगलूर तालुक्यात होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरांच्या जतनाचे काम झाले आहे. ते एकदा पाहून यावे. शेतात वा पायाच्या खणकामात मूर्ती सापडली तर तहसीलदारांना कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे अशा वस्तूची वर्दी देणे बंधनकारक आहे. सुटी शिल्पे एकत्र ठेवून त्यांची छायाचित्रे आणि मापे नोंदवावीत. चोरीला गेलेली मूर्ती परत मिळवताना सर्वांत मोठा पुरावा छायाचित्राचाच असतो.

आणि सर्वांत आधी पाहायला जावे. एखाद्या रविवारी घरातील आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी निघावे. सकाळच्या तिरप्या उन्हात खरोसा पाहावे, तेव्हा झिजलेल्या आकृतीही सावलीने उठून दिसतात. दुपार कलल्यावर निलंगा. दर्शन घ्यावे आणि मग डोळे उघडे ठेवून एक प्रदक्षिणा घालावी. मुलांना विचारावे, या मूर्तीच्या हातात काय आहे? उत्तर येत नसेल तर घरी येऊन शोधावे. ज्या गावाला आपल्या भिंतीवरील मूर्तींची नावे ठाऊक असतात, त्या गावातून मूर्ती सहजासहजी नाहीशी होत नाही.

किल्लारीच्या भिंतींना आरपार बांधणारा दगड नव्हता. मंदिर आणि समाज यांच्यामधलाही तो आरपार दगड आज जागोजागी निसटला आहे. एका अंगाला देव उभा आहे, दुसऱ्या अंगाला भक्त उभा आहे आणि मध्ये अज्ञानाची माती भरली आहे. नीलकंठेश्वराच्या भिंती आठ शतकांहून अधिक काळ उभ्या आहेत, कारण दगड घडवणाऱ्याने शेजारच्या दगडाचा विचार केला होता. तो विचार आता आपल्याला करायचा आहे.