अड्यारकडे जाणारी वाट

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या कर्तृत्वाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ते काम माझ्याहून जुनी मंडळी या व्यासपीठावरून अधिक अधिकाराने करीत आहेत. मी आज चेन्नईतील अड्यारच्या एका रुग्णालयाविषयी आणि ज्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयामुळे ते उभे राहू शकले, त्याविषयी बोलणार आहे. विषय दूरचा वाटेल. माझ्या घरात मात्र तो अगदी उंबरठ्याच्या आत आला.

माझ्या नणंदबाई लग्नानंतर चेन्नईला स्थायिक झाल्या. चार वर्षांपूर्वी त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. त्याआधी आठ महिने त्यांना अवेळी रक्तस्राव होत होता. ‘या वयात असे व्हायचेच,’ म्हणून त्यांनी तो कोणालाही सांगितला नाही. दर रविवारी आम्ही दोघी दूरध्वनीवर बोलत असू. भाजीच्या भावापासून भाचीच्या लग्नापर्यंत सारे विषय निघत. हा एक सोडून. अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्यावर किरणोपचार झाले. दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्या सोबतीला राहिले. आज त्यांची प्रकृती चांगली आहे, तपासणीला नियमाने जातात. तरीही ते आठ महिने माझ्या मनातून जात नाहीत.

त्या रुग्णालयाच्या संस्थापक डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. त्यांच्या बहिणीचा, सुंदरांबाळ यांचा, १९२३ मध्ये आतड्याच्या कर्करोगाने मृत्यू झाला. आरंभी तो आजार आव समजला गेला होता. घरात डॉक्टर बहीण असताना निदानाला उशीर झाला, ही सल त्यांनी तीस वर्षे बाळगली. कर्करोग झालेला मनुष्य जाणारच, मग त्याच्यासाठी निराळे रुग्णालय कशाला, असे मानणारे त्या काळी पुष्कळ होते. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८ जून १९५४ रोजी अवघ्या १२ खाटांचे रुग्णालय अड्यारला सुरू झाले. मुथुलक्ष्मींचे वय तेव्हा ६७ होते.

मुथुलक्ष्मी घडल्या त्या मद्रास मेडिकल कॉलेजात. चेन्नईच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोर जे भव्य सरकारी रुग्णालय आहे, त्याचे मूळ १६६४ मधले, सेंट जॉर्ज किल्ल्यातले. त्याच्या आश्रयाने १८३५ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. आपल्या मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर दहा वर्षांनी, १८४५ मध्ये निघाले. सरकारी महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय ही जोडी मोठी विलक्षण आहे. गरीब रुग्ण तेथे उपचार घेतो आणि त्याच वेळी त्याच्या खाटेभोवती उभ्या असलेल्या मुलांना शिकवतोही. त्याला आपण कधी गुरू म्हणत नाही, एवढेच.

या महाविद्यालयाने १८७५ मध्ये चार स्त्रियांना प्रवेश दिला. त्यांतील मेरी शार्लिब पुढे नामवंत डॉक्टर झाल्या. आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, पाठोपाठ १८७८ मध्ये तेथे एक मराठी मुलगी दाखल झाली. अहमदनगरला जन्मलेली, हरिपंत खिस्तींची कन्या कृपाबाई. वय सोळा. बुद्धी तल्लख, पण प्रकृतीने साथ दिली नाही. वर्षभरातच तिला शिक्षण सोडावे लागले. पुढे कृपाबाई सत्तियनाधन या नावाने तिने इंग्रजीत ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या कादंबऱ्या लिहिल्या आणि १८९४ मध्ये ती गेली.

दुसरे नाव आपल्या सर्वांच्या ओळखीचे. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, त्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूरला त्यांचे भाषण झाले. येथेच का शिकत नाही, या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी मद्रासच्या महाविद्यालयाचा उल्लेख केला. तेथील शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणारे जुन्या मताचे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. दार उघडे असणे आणि आत गेल्यावर नीट शिकवले जाणे, यांतला फरक अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या त्या मुलीने अचूक ओळखला होता. आम्हा शिक्षकांनी तो रोज आठवावा.

मुथुलक्ष्मी १९०७ मध्ये त्याच महाविद्यालयात गेल्या. त्याआधी पुदुकोट्टईच्या मुलांच्या महाविद्यालयात त्यांना घेऊ नये, म्हणून मुलांच्या पालकांनीच विरोध केला होता. महाराजांनी तो मानला नाही. (पालकसभेत ऐकू येणारे काही मुद्दे किती जुने आहेत, ते यावरून कळते.) आई देवदासी समाजातील, त्यामुळे हिणवणारेही होतेच. १९१२ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि मद्रासच्या सरकारी प्रसूती व नेत्र रुग्णालयात पहिल्या स्त्री हाउस सर्जन झाल्या. पुढे विधान परिषदेत जाऊन देवदासी प्रथेविरुद्ध त्यांनी दिलेला लढा हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

याच महाविद्यालयातून १९४९ मध्ये डॉ. व्ही. शांता पदवीधर झाल्या. सरकारी स्त्री-बाल रुग्णालयातील नेमणूक हाती असताना त्या १९५५ मध्ये अड्यारच्या त्या लहानशा रुग्णालयात रुजू झाल्या. मुथुलक्ष्मींचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि शांता यांनी ते वाढवले. रुग्णालयाच्या आवारातच राहून २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत शांताबाईंनी काम केले. माझ्या नणंदबाई ज्या खाटेवर झोपल्या, तिच्यामागे एवढी माणसे उभी होती.

आता आपल्या शाळेकडे येते. गेल्या वर्षी दहावीच्या एका मुलीचे वडील मला भेटले. मुलगी जीवशास्त्रात उत्तम. ते म्हणाले, “बाई, मराठी माध्यमातली पोर, पुढे सगळी पुस्तकं इंग्रजी. त्यात साडेपाच वर्षं. नंतर लग्नाचं कधी बघायचं?” मी त्यांना खोटा धीर दिला नाही. प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते. परंतु पुढे पहिले वर्ष जड जाते, आपली काही मुले रडकुंडीला येतात, हे मी सांगितले. ती निभावतात, हेही सांगितले. मग त्यांना विचारले, “घरातल्या बायकांची दुखणी तुम्हाला कोण सांगतं?” ते बराच वेळ गप्प होते. मुलीने अकरावीला विज्ञान शाखा घेतली आहे. पुढचे मला माहीत नाही.

स्त्रिया पुरुष वैद्यापुढे संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, असे आनंदीबाईंचे म्हणणे होते. आज त्या गावोगावी आहेत आणि माझ्या नणंदबाई आठ महिने गप्प राहिल्या. हा आजार लवकर कळला तर बहुधा बरा होतो. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना त्याची प्रतिबंधक लसही देता येते. म्हणजे पाचवी ते आठवीचे आपले वर्गच.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेत आपल्याच एक माजी विद्यार्थिनी याविषयी बोलणार आहेत. सरकारी महाविद्यालयात शिकून त्या आज स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. निमंत्रणपत्रिकेवर ‘मातांसाठी’ असे छापले गेले आहे. ती माझी चूक. वडिलांनीही यावे, खुर्च्या वाढवल्या आहेत.