भोंगा थांबत नाही, काय करावे?



आजचा विषय मोटारीच्या भोंग्याचा आहे. तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे कुठली आली मोटार?" खरे आहे. पण तुमच्यापैकी कुणाचा भाऊ मुंबईत दादरला ड्रायव्हर आहे. कुणाचा मुलगा परळला रात्रपाळीचा वॉचमन आहे. कुणाचा जावई गिरगावात गाड्या धुतो. गाडी शेटजींची असते. पण ती मध्यरात्री ओरडू लागली, की लोक शेटजींना बोलत नाहीत. आधी वॉचमनला बोलतात, मग ड्रायव्हरला. म्हणून हा विषय आपलाच आहे.

लालबाग-परळला भोंगा काही नवा नाही. हा भाग म्हणजे गिरणगाव. गिरणीचा भोंगा झाला, की माणसे डबा घेऊन घराबाहेर पडत. घरात घड्याळ नसले तरी अडत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक करत गिरण्या बंद पडल्या. त्यांचे भोंगेही मुके झाले. पण तो भोंगा अर्थाचा होता. आपले काम सांगायचा आणि गप्प बसायचा.

मोटारीचा भोंगाही अर्थासाठीच बसवलेला असतो. चोर आला, की त्याने ओरडावे. पण पुष्कळदा चोर नसतो आणि भोंगा ओरडतो. एकदा, दोनदा, दहादा. लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. तसेच इथे होते. रोज खोटे ओरडणारा भोंगा एखाद्या रात्री खरे ओरडला, तरी कोणी खिडकी उघडत नाही. पैसे देऊन ठेवलेला राखणदार फुकट जातो.

आणि त्रास कुणाला होतो? परळला के.ई.एम. रुग्णालय आहे, टाटा रुग्णालय आहे. गावोगावचे आजारी तिथे येतात. त्यांची माणसे बाहेर पदपथावर अंग टाकतात. ती तुमच्या-माझ्या गावची माणसे. दिवसभर रांगेत उभी राहिलेली. त्यांचा जरा डोळा लागतो, आणि शेजारची गाडी कोकलू लागते.

तेव्हा भोंगा गप्प करता आला पाहिजे. त्यासाठी आधी त्याची रचना समजून घेऊ.

काही गाड्यांत अलार्म कारखान्यातूनच बसून येतो. काहींत तो मागाहून दुकानात बसवतात. आपण बोलतो आहोत ते मागाहून बसवलेल्या अलार्मबद्दल. त्याचे भाग थोडेच आहेत.

पहिला भाग पेटी. ती बहुधा स्टिअरिंगच्या खाली, आत लपवलेली असते. हा अलार्मचा मेंदू. दुसरा भाग दारांचे स्विच. दार उघडले, की ते पेटीला खबर देतात. बॉनेटलाही असा स्विच असतो. तिसरा भाग धक्क्याचा सेन्सर. गाडीला हादरा बसला, की तो पेटीला कळवतो. चौथा भाग भोंगा. तो बॉनेटखाली असतो. हे अलार्मचे तोंड. पाचवा भाग रिमोट. तो आपल्या हातात असतो.

आता समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत. भोंगा सुरू झाला आहे. काय कराल?

आधी गाडीभोवती एक फेरी मारा. काच फुटली आहे का, दार उघडे आहे का, ते पाहा. न पाहता भोंगा बंद करू नका. कदाचित तो खरेच सांगत असेल! चोर दिसला, तर अंगावर जाऊ नका. फोनवरून ११२ नंबर लावा. पोलीस येतील.

चोर नाही ना? मग रिमोटचे बटण दाबा. भोंगा थांबला नाही, तर गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबा. रिमोटमधला सेल उतरला, की त्याची हाक लांब पोचत नाही. जवळूनही चालेना, तर नवा सेल घालून पाहा. कितीतरी वेळा सगळा घोटाळा त्या एका सेलचाच असतो.

सेल बदलूनही चालेना. मग चावीने दार उघडा. भोंगा ओरडतच राहील, कदाचित नव्याने सुरू होईल. घाबरू नका. मागाहून बसवलेल्या पुष्कळ अलार्मना चावी ओळखता येत नाही. त्यांना फक्त रिमोट कळतो. तुम्ही आत बसा आणि चावी फिरवून दिवे लागेपर्यंत आणा. बहुतेक अलार्मना एक लपवलेले लहान बटण असते. चावी फिरवल्यावर काही सेकंदांत ते दाबायचे, की अलार्म बंद होतो. किती वेळा दाबायचे, किती वेळ धरून ठेवायचे, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. सोबतच्या माहितीपत्रकात ते लिहिलेले असते.

बटण सापडले नाही, तर अलार्मचा फ्यूज काढा. तोही कळत नसेल, तर शेवटचा उपाय बॅटरी. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्यावर अधिक आणि वजा अशा खुणा असतात. आधी वजा खुणेची वायर सोडवा. पुन्हा जोडताना तीच सर्वांत शेवटी जोडा. हा क्रम चुकवू नका. पाना एकाच वेळी दोन्ही टोकांना लागला, तर मोठी ठिणगी उडते आणि हात भाजतो. बॅटरीजवळ विडी-काडी तर मुळीच नको. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

इथे एक गंमत आहे. बॅटरी सोडवली, तरी काही भोंगे थांबत नाहीत. उलट जोराने ओरडतात! कारण त्यांच्या पोटात स्वतःची लहान बॅटरी असते. चोराने वायर कापली तरी भोंगा वाजत राहावा, म्हणून ती घातलेली असते. अशा भोंग्याच्या अंगावर चावीचे भोक असते. त्याची बारीक चावी वेगळी मिळते. ती फिरवली, की तो गप्प बसतो. ही चावी लोक घरी कपाटात टाकतात आणि विसरतात. तुम्ही ती गाडीच्या चावीच्या जुडग्यातच ठेवा. भोंग्याजवळ वाकताना कानांत कापसाचे बोळे घाला, नाहीतर कानांना इजा होते.

भोंगा थांबला. लोक झोपले. पण काम संपले नाही. ताप उतरला म्हणजे दुखणे गेले, असे नाही. भोंगा का वाजला, ते शोधले पाहिजे. त्यासाठी तो केव्हा वाजतो, हे पाहा.

जड बस किंवा ट्रक जवळून गेला, की वाजतो? गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशाने, दिवाळीत फटाक्याने वाजतो? मग धक्क्याचा सेन्सर फार हळवा झाला आहे. त्याला एक लहान स्क्रू असतो. तो थोडाथोडा फिरवून सेन्सरचा हळवेपणा कमी करता येतो. फार कमी करू नका, नाहीतर काच फोडली तरी तो गप्प राहील. काचेवर मुठीने हलकेच ठोकून पाहा. मांजर उडी मारून गेले, तर वाजू नये. कुणी जोराने ठोकले, तर वाजावा.

पावसात वाजतो? मग स्विच पाहा. बॉनेटचा स्विच उघड्यावर असतो. त्यात पाणी जाते, तो गंजतो. बॉनेट बंद असले, तरी तो पेटीला सांगतो, "उघडले!" परळच्या हिंदमाता भागात पावसाळ्यात वर्षानुवर्षे पाणी तुंबत आले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून वाळते, पण वायरींच्या जोडांत गंज राहतो. तो पुढे त्रास देतो. जोड साफ करून घ्यावे लागतात, स्विच बदलावा लागतो.

दारे बंद असूनही आतला दिवा जळतो? मग एखाद्या दाराचा स्विच बिघडला आहे, किंवा दार नीट लागलेले नाही. एकेक दार उघडून पुन्हा लावून पाहा. डिकीही पाहा.

गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली, की पहाटे वाजतो? मग बॅटरी उतरलेली असेल. धडधाकट बॅटरी, गाडी बंद असताना, साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते. ती बरीच उतरली, की पेटीला वाटते कुणीतरी वायर कापली. आणि भोंगा जितका वाजतो, तितकी बॅटरी आणखी उतरते. सकाळी गाडी सुरूच होत नाही.

यांतले काहीच लागू पडत नसेल, तर पेटी बिघडली असेल. ते काम मोटारीचे वायरिंग जाणणाऱ्या मेकॅनिकचे.

आता काय करू नये, ते ऐका. रागाच्या भरात वायरी कापू नका. अलार्म पुष्कळदा स्टार्टरच्या वायरीला जोडलेला असतो. चुकीची वायर कापली, की भोंगा थांबतो आणि गाडीही थांबते. पिवळ्या वायरींना आणि पिवळ्या जोडांना तर हातच लावू नका. अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशवीच्या वायरी बहुधा पिवळ्या असतात. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत ड्रायव्हरपुढे ही पिशवी सक्तीची झाली आहे. ती नको तेव्हा फुटली, तर माणूस जखमी होतो. आणि दुसऱ्याच्या गाडीची काच फोडून भोंगा बंद करायला जाऊ नका. भांडण तुमच्या गळ्यात पडेल.

कायदाही सांगतो. देशात २००० सालापासून आवाजाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबल म्हणजे आवाज मोजण्याचे माप. पुष्कळ भोंग्यांच्या खोक्यावर ११० किंवा १२० असा आकडा छापलेला असतो. हा आकडा १० ने वाढला, की आवाजाचा जोर दहापट होतो. म्हणजे ४५ कुठे आणि १२० कुठे! रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या पट्ट्यात तर मर्यादा याहून कडक ठरवता येते.

शेवटी एक काम सांगतो. ते आज तुम्हांला येते, काल येत नव्हते. एक कागद घ्या. शेटजींनी अलार्म बसवला असेल, तर बसवणाऱ्याला चार गोष्टी विचारा. लपवलेले बटण कुठे आहे आणि ते कसे दाबायचे? फ्यूज कुठे आहे? भोंग्याची चावी कोणती? सेन्सरचा स्क्रू कुठे आहे? माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत असते. म्हणून उत्तरे मराठीत, स्वतःच्या हाताने लिहा. तो कागद गाडीच्या कप्प्यात ठेवा. त्याची एक नक्कल वॉचमनजवळ द्या. आणि पुढच्या काचेआड एका चिठ्ठीवर आपला फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहा. भोंगा वाजला, तर कुणीही तुम्हांला उठवू शकेल.

मुंबईला असलेल्या आपल्या माणसाला हे कळवा. पत्राने कळवा, फोनवर लिहून कळवा. नुसते "बरा आहेस का" एवढेच लिहू नका. हे चार प्रश्नही लिहा आणि त्याच्याकडून उत्तर मागा.

नमस्कार.