‘अतिउपभोग’ म्हणजे काय?

आज फळ्यावर लांबलचक शब्द लिहिला आहे. भिऊ नका, त्याची फोड करू. ‘अति’ आणि ‘उपभोग’. उपभोग म्हणजे वस्तू वापरून तिचा लाभ घेणे. भाकरी खाल्ली, पाणी प्यालो, लुगडे नेसलो, हा सारा उपभोगच. त्यात पाप नाही. ‘अति’ कुठून सुरू होते, एवढेच पाहायचे.

काल एका आजीबाईंनी विचारले, “गुरुजी, दोन घागरी जास्ती भरल्या तर त्यो अतिउपभोग का?” नाही आजी. ज्याला मुळातच कमी मिळते, त्याच्या माथी हा शब्द मारू नये.

मग कोणाच्या? जमिनीखालचे पाणी घ्या. पावसाचे जे पाणी मुरते ती मिळकत. आपण उपसतो तो खर्च. खर्च वाढला की मुद्दलाला हात लागतो. तो अतिउपभोग. आणि जगात जमिनीखालचे पाणी सर्वांत जास्त उपसणारा देश आपलाच बरे का!

माझीच गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी. पगार हाती होता, म्हणून उसासाठी मी तिसरी बोअर घेतली, चारशे फूट खोल. दोन वर्षे ऊस फोफावला. तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या बाईंची विहीर आटली. चाळीस फुटांची विहीर ती, अन् तिच्यावर त्यांची अर्धा एकर भाजी. बाई भांडायला आल्या नाहीत. घागर घेऊन आमच्याच दारी पाण्याला आल्या. मी घागरीत नळी सोडली, पण मान वर करवेना. पुढे ऊस मोडला. आता ज्वारी-हरभरा घेतो. बोअर अजून आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पाऊस कमी पडला हे खरेच. पण त्याच मराठवाड्यात ऊसही उभा होता.

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने निराळे केले. तिथे पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडतात. पिण्याचे पाणी आधी, शेती मागून. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. सगळ्यांना एकच नियम, म्हणून तो टिकला असे मला वाटते.

आता वह्या काढा. हा शब्द घालून एकेक वाक्य लिहा. आजींचे नाव त्यात नको. माझे घातले तरी चालेल.