आजीची हळद आणि मास्तरांचें टिंक्चर
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाचा इतिहास इतर वक्त्यांनीं उत्तम प्रकारें सांगितला आहे. आम्ही आज आपल्या सर्वांच्या गुडघ्यांचा इतिहास सांगणार आहों!

आमचें बालपण या बीड जिल्ह्यांतच, काळ्या ढेकळांत आणि बाभळीच्या कांट्यांत गेलें. पडून गुडघा फुटे, त्याचें दुःख थोडें. घरीं कळेल ही धास्ती मोठी. घरीं आजी सज्ज असे. दगडी पाला, ज्यास कोणी एकदांडी म्हणतात, तो तळहातावर चोळून त्याचा रस ती जखमेवर पिळी आणि वर हळद दाबी. पायांत कांटा मोडला तर तापलेल्या बिब्याचा चटका! त्याचा डाग आमच्या टांचेवर अद्याप आहे. शाळेंत मास्तरांच्या कपाटांत टिंक्चर आयोडीनची बाटली असे. तिचें बूच निघतांच, कोणीं न सांगतां, आम्ही प्रार्थना म्हणूं लागत असूं. त्यांतील मद्यार्क उघड्या मांसास झोंबे. परंतु वडील मंडळींचा सिद्धान्त असा कीं, जें झोंबतें तेंच गुण देतें.

हळदीचा लौकिक तर पुढें साता समुद्रांपार गेला. जखमेवर हळद वापरण्याबद्दल 1995 सालीं अमेरिकेंत पेटंट दिलें गेलें. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असतांना, जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन 1997 सालीं तें रद्द करविलें. मात्र त्या निकालानें हें ज्ञान जुनें आहे एवढेंच ठरलें; जुनें तें सर्व हितकारक, असें नव्हे.

कारण त्याच काळीं जखमेवर राख, माती आणि शेणही दाबीत. धनुर्वाताचे जंतू मातींत व जनावरांच्या शेणांत असतात. आमच्या एका बालमित्राच्या पायास विळा लागला. त्याच्या आईनें धांवत जाऊन मूठभर माती दाबली. आठवड्याभरांत त्याची दांतखीळ बसली, ती उघडलीच नाहीं. ती माउली आमच्या आजीहून कमी मायाळू नव्हती. मायेंत उणें नव्हतें, ज्ञानांत होतें.

संत लूकच्या शुभवर्तमानांतील त्या भल्या शोमरोनी माणसानें जखमी वाटसरूच्या घावांवर तेल व द्राक्षारस ओतला. द्राक्षारस खचित झोंबला असेल. परंतु तो तेवढ्यावर थांबला नाहीं; त्यास उतारशाळेंत नेलें, पैसे मोजले, पुढील शुश्रूषेची सोय केली. खरी दया ती हीच.

आपल्या जिल्ह्यांतून दरवर्षीं असंख्य कुटुंबें ऊसतोडीस जातात. तेथें कोयता आहे, पाचट आहे, अनवाणी लेंकरें आहेत. म्हणून आमची हात जोडून विनंति आहे. जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुवावी, धुतलेलें फडकें बांधावें, आणि विलंब न करितां दवाखान्यांत जाऊन धनुर्वाताच्या लसीविषयीं विचारावें. राख, माती, शेण यांचा स्पर्शही होऊं देऊं नये. लेंकरांच्या लसी वेळेवर टोंचून घ्याव्या. सुई टोंचेल, लेंकरूं रडेल. आम्हीही रडलों होतों.

आजीचा तो मायेचा हात घरोघरीं असाच राहो. त्या हातीं आधीं साबण आणि पाणी मात्र असो. परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य देवो.