बॅरेक नंबर हाच पत्ता



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई आल्या. गावात घर जाळलं गेलं, म्हणून दोन मुलांना घेऊन इकडे आलेल्या. "मला गटात घ्या," म्हणाल्या. काहीजणी कुजबुजल्या, "पत्त्याचा पुरावा नाही. उद्या निघून गेल्या तर हप्ता कोण भरणार?" प्रश्न चुकीचा नव्हता. गटातला पैसा घामाचा असतो.

तेव्हा आमच्या गटातल्या सिंधी आजी बोलल्या, "माझ्या सासूकडे कुठला पुरावा होता गं?"

खरंच आहे. फाळणीनंतर, आणि ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर तर फारच, सिंधमधली कुटुंबं घरदार सोडून बोटीने मुंबईला आली. कल्याणजवळ महायुद्धातली लष्करी छावणी होती. तिथल्या बॅरेकींत गोणपाटाचे पडदे लावून त्यांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. बायकांनी पापड लाटले, घरच्यांनी ते गाडीत, बाजारात विकले. आजही इथल्या पत्त्यात कॅम्प आणि बॅरेक नंबर लिहितात.

अमेरिकेत तुल्सा शहरात १९२१ साली गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची ग्रीनवूड वस्ती जाळली. विम्याची भरपाई नाकारली गेली. वर पालिकेने बांधकामाचे नियम असे केले की गरिबाला घर परवडू नये. बी. सी. फ्रँकलिन या वकिलांनी तंबूत कचेरी थाटली आणि तो नियम कोर्टात रद्द करून घेतला. लोकांनी वस्ती पुन्हा उभी केली.

आपण म्हणतो, "किती चिवट माणसं!" पण नुसत्या चिवटपणावर घर उभं राहत नाही. कुणीतरी जागा द्यावी लागते, उधार द्यावं लागतं, आडवा आलेला नियम हटवावा लागतो.

मैत्रिणींनो, गटाचं बचत खातं उघडताना बँकेला फक्त पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं पुरतात, सगळ्या सभासदांची लागत नाहीत. म्हणजे अडवत होतो ते आम्हीच.

ताई आता आमच्या सभासद आहेत. तीन महिने नियमित बचत, मग छोटं अंतर्गत कर्ज, दोघींची हमी. हिशोब सगळ्यांसमोर. पहिली बचत त्यांनी परवा भरली.

तुमच्या दारात अशी कुणी उभी असेल, तर आधी बसायला चटई द्या. कागद मागाहून बघू.