जतन करा, उघडा, छापा



आमच्या तेरखेड्याचं नाव काढलं की लोकांना फटाके आठवतात. भुईनळा पेटतो, घटकाभर रंगांचं झाड उभं राहतं आणि विझतं. ते झाड कुणाला ठेवून घेता येत नाही. आज बोलायचं आहे ते ठेवून घेता येणाऱ्या रंगांबद्दल, म्हणजे मुलं संगणकावर काढतात त्या चित्रांबद्दल.

खेड्यातल्या शाळेत संगणक आला की मुलं आधी ‘पेंट’ उघडतात. विंडोजबरोबर हा प्रोग्राम १९८५ पासून येतो. चित्र काढायला सोपा. अडचण येते ती पुढे. ‘सेव्ह’ म्हटलं की तो चित्राचं नाव विचारतो, कुठं ठेवू तेही विचारतो. दुसरीतलं पोर हाताला लागेल ती कळ दाबतं. पुढचं पोरही तीच दाबतं. मग संगणक इंग्रजीत विचारतो, जुनं काढून त्या जागी हे ठेवू का? पोर ‘येस’ म्हणतं आणि मित्राचं चित्र पुसलं जातं.

कविता वाचायला एका शाळेत गेलो होतो. एक मुलगी आपला भुईनळा शोधत होती. तिची आई फटाक्यांच्या कामाला जाते, तिला दाखवायचा होता. सापडला नाही. कुणीतरी म्हणालं, काढ की दुसरा. ती म्हणाली, “दुसरा येईल, पण तो नाही येणार.” कवितेची वही हरवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ही अडचण ओळखणारा एक प्रोग्राम आहे, ‘टक्स पेंट’. अमेरिकेतल्या बिल केंड्रिक यांनी तो २००२ साली लहान मुलांसाठी सुरू केला. तो मोफत आहे आणि मराठीतही चालतो. तो नाव विचारतच नाही. ‘उघडा’ म्हटलं की साठवलेली चित्रं छोट्या रूपात समोर मांडतो. अक्षर न येणारं मूलही आपलं चित्र ओळखतं. एकामागून एक कागद छापून शाई संपू नये म्हणून दोन छपायांमध्ये किती वेळ जावा, हे शिक्षकांना ठरवता येतं.

‘पेंट’च वापरायचा असेल तर चार गोष्टी पाळा. प्रत्येक वर्गाचं वेगळं फोल्डर करा. चित्राला मुलाचा हजेरी क्रमांक आणि तारीख द्या. पहिली रेघ ओढल्यावरच सेव्ह करा आणि मधूनमधून करत राहा, कारण आपल्याकडची वीज सांगून जात नाही. आणि चित्र ‘पीएनजी’ प्रकारात ठेवा. आठशे बाय सहाशे ठिपक्यांचं रंगीत चित्र ‘बीएमपी’त १४,४०,००० बाइट घेतं. जुन्या फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावत, म्हणजे एका फ्लॉपीत एकच चित्र. तेच ‘पीएनजी’त फार थोड्या जागेत बसतं आणि रंग जसेच्या तसे राहतात. ‘जेपीजी’त रेघांच्या कडा मळकट होतात.

छापताना आधी ‘प्रिंट प्रिव्ह्यू’ पाहा. चित्र आडवं असेल तर कागदही आडवा निवडा आणि सगळं एका पानावर बसवा. काळ्या शाईच्या प्रिंटरवर पिवळा रंग जवळजवळ दिसतच नाही. भुईनळ्याच्या ठिणग्या पिवळ्याच असतात, म्हणून त्यांना काळी किनार काढायला सांगा.

‘सेव्ह’ला आपण ‘जतन’ म्हणतो. हा शब्द ‘यत्न’ या शब्दापासून आला. म्हणजे ठेवणं आपोआप होत नाही, कुणीतरी झटावं लागतं. लहान मुलासाठी ते मोठ्यांनीच करायचं असतं. संगणक शाळेतच राहतो आणि कामाला जाणाऱ्या आईला शाळेच्या वेळेत यायला सवड नसते. कागद मात्र दप्तरात बसून घरी जातो. वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाचं एक चित्र छापा आणि खाली त्याचं नाव त्याच्याच हातानं लिहू द्या. एवढी शाई शाळेला परवडेल.