आधी गडावरचे पाणी पाहा

दसरा-दिवाळीची सुटी लागली, की पुण्यामुंबईकडची आप्तमंडळी यवतमाळास येतात आणि त्यांना घेऊन आपण आर्णीवरून, धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडून, माहूर गाठतो. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता अशी दर्शने यथासांग झाली, की परतीची घाई सुरू होते आणि समोरचा रामगड, म्हणजे माहूरचा किल्ला, बोटाने दाखविण्यापुरता उरतो. जी मंडळी गड चढतात तीही तटावर छायाचित्रे काढतात, मुलांना लढायांची सनावळी विचारतात, आणि गडाच्या मध्यावरील विस्तीर्ण तळ्याकडे पाठ करून दशम्या सोडतात. हे मला फार खटकते.

घराची खरी सुबत्ता ओसरीच्या नक्षीवरून नव्हे, तर माजघरातील रांजणावरून व कणगीवरून जाणत्या पाहुण्यास कळते. गड हेही घरच होय. हत्ती दरवाजा ही त्याची दिंडी, धान्यकोठार ही कणगी, तळे हा रांजण. आणि रांजण आटला, की दिंडीला कितीही भक्कम अडसर घातलेला असो, घरची माणसे आपण होऊन तो काढतात. खाली पैनगंगा आहे खरी. पण वेढा पडल्यावर घागर घेऊन तेथवर उतरणार कोण?

१६२३ च्या सुमारास, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेल्या शाहजादा खुर्रमने, म्हणजे पुढील शाहजहानने, आपले हत्ती व जड सामान याच किल्ल्यात माहूरचा सरदार उदाराम याच्या हवाली केले. पाण्याचा बंदोबस्त नसलेल्या जागी हत्ती कोण ठेवील? त्याच उदारामाच्या घराण्यातील, मोगलांच्या चाकरीत नावलौकिक मिळविलेली रायबागन १६६१ साली कारतलबखानाच्या फौजेबरोबर उंबरखिंडीत सापडली. शिवाजीमहाराजांनी वाटा रोखल्या, फौज तहानेने व्याकूळ झाली, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला खानाला दिला तो या माहूरकर बाईनेच.

गेल्या खेपेस, नळाच्या पाण्यावर वाढलेल्या माझ्या भाचीने काठावर बसून विचारले, ‘मामा, इथं पाणी यायचं कुठून?’ तिला मी दोन्ही बाजूंच्या माथ्यांचे उतार दाखविले, आणि पावसाचा ओहोळ कसा उतरतो ते काटकीने मातीत आखले. मग तीच पुढे होऊन आपल्या आजीला ते समजावू लागली.

वेळ संपल्याची खूण होत आहे. राजवाडा, मशीद, दारूगोळ्याची कोठी, सारे सांगावयाचे राहिलेच. तरी पुन्हा एकदा विनवितो: पाहुण्यांना घेऊन दरवाजातून आत शिरलात, म्हणजे प्रथम तळ्यावर चला, मुलांना उतार दाखवा, आणि कृपा करून उष्ट्या पत्रावळी त्या पाण्यात टाकू नका. धान्यकोठाराविषयी बोलावयाचे तर त्याच्या भिंती आधी पाहाव्या लागतील. त्या पुन्हा कधी तरी.